उन्हाळ्यात लेकरांसोबत संभाजीनगर
उन्हाळ्यात लेकरं घेऊन छत्रपती संभाजीनगर पाहणार असाल तर सकाळी आठच्या आत भडकल दरवाजा गाठा. मलिक अंबरने १६१२ मध्ये बांधलेला हा दरवाजा गर्दी वाढण्याआधीच निवांत पाहता येतो. तिथून गुलमंडी, सिटी चौक. अकरानंतर मात्र रस्त्यावर थांबू नका, पहाडसिंगपुऱ्यातल्या सोनेरी महालातलं संग्रहालय गाठा. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, म्हणून तो दिवस टाळा. आत लेकरांना सगळंच दाखवायचा हट्ट नको. एकच मूर्ती निवडा. तिच्या हातात काय आहे, पायाशी कोण बसलंय, अंगावर दागिने कोणते, हे त्यांनाच शोधू द्या. अशीच नजर तयार होते. जवळचा बीबी का मकबरा ऊन उतरल्यावरच पाहा, दुपारी तिथली फरशी फार तापते.