पांढरा शर्ट: नीळ, खळ आणि चुलीवरची इस्त्री

१९०९ साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शिक्षिका नॅनी हेलन बरोज यांनी वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय मुली-स्त्रियांसाठी प्रशिक्षणशाळा काढली. धुलाई तिथे रीतसर शिकवली जाई. परक्यांच्या घरी राबणाऱ्या या बायकांचं काम कमी लेखलं जाई. पण १८८१ च्या संपात अटलांटाच्या कपडे धुणाऱ्या बायकांनी १२ पौंड वजनाच्या कपड्यांना १ डॉलर मागितला, तो कसबाचा रास्त दर होता. ते कसब कुठे लागायचं, हे त्या काळच्या पद्धतीवरून पाहा.

रक्त आणि अंड्याचे डाग आधी थंड पाण्यात सोडवा. गरम पाण्यात ते धाग्यात पक्के बसतात. रात्रभर भिजलेला शर्ट फळीवर घासा, साबणाच्या पाण्यात १५-२० मिनिटं उकळा आणि पाणी नितळ निघेपर्यंत खंगाळा. इथे घाई नको. द्रव निळीत बरेचदा प्रशियन ब्लू हा लोहयुक्त निळा रंग असे. कपड्यात साबणाचा क्षार उरला की हा रंग फुटतो आणि इस्त्री फिरताच गंजाचे ठिपके उमटतात. दोष इस्त्रीवर जातो, चूक मात्र खंगाळण्यात झालेली असते.

निळीची गोळी असल्यास फडक्यात बांधून पाण्यात फिरवा. ओंजळीतलं पाणी फिकट निळं दिसलं की पुरे. शर्ट उलगडून बुडवा, हलवत राहा, लगेच काढा. घडीत नीळ साचली तर पट्टे पडतात.

खळीसाठी २ मोठे चमचे स्टार्च पाव कप थंड पाण्यात कालवा. ढवळत ढवळत २ कप उकळतं पाणी ओता आणि दुधाळपणा जाईपर्यंत, साधारण १० मिनिटं, मंद आचेवर शिजवा. कच्ची खळ इस्त्रीला चिकटते. वाटाण्याएवढं मेण आणि चिमूटभर टाकणखार घातला की इस्त्री सहज सरकते. गाळून घ्या, नाहीतर गुठळीचा डाग राहतो. ही दाट खळ कॉलर, कफ आणि छातीला गरम असतानाच चोळा. बाकी शर्टाला हवी तर दुप्पट पाण्याने पातळ करून लावा.

शर्ट वाळवा, कोमट पाणी शिंपडा, घट्ट गुंडाळून काही तास ठेवा. दमट हवेत गुंडाळी दिवसभर राहिली तर बुरशी धरते.

चुलीवर ३ इस्त्र्या आळीपाळीने तापवा. प्रत्येक इस्त्री मेणाच्या फडक्यावर फिरवून पुसा आणि आधी चिंधीवर टेकवून पाहा: चिंधी पिवळी पडली तर थोडं थांबा. कॉलर टोकांकडून मध्याकडे, आधी आतून, मग बाहेरून. पूर्ण सुकेपर्यंत दाबा. ओल राहिली तर कॉलर लगेच मऊ पडते.