मोठ्या आतड्याचा कर्करोग वेळीच कसा हेरावा

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा पॉलिपपासून, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढणाऱ्या लहानशा गाठीपासून सुरू होतो आणि अशा गाठीचे कर्करोगात रूपांतर होण्यास साधारणपणे दहा वर्षे लागतात. एवढा अवधी असूनही अनेक रुग्ण उशिरा पोहोचतात, कारण शौचातून रक्त पडले की ‘मूळव्याधच असेल’ असे घरीच ठरते आणि मलमे व काढे यांत महिने निघून जातात. भारताच्या सरकारी तपासणी कार्यक्रमात भर आहे तो तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगांवर. आतड्यासाठी पुढाकार बहुतांशी आपल्यालाच घ्यावा लागतो.

प्रथम घराण्याचा इतिहास पाहावा. आई-वडील, भावंडे किंवा अपत्य यांपैकी कोणाला हा कर्करोग झाला असेल, तर वयाच्या चाळिशीत किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा, थेट कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठे आतडे आतून पाहण्याची तपासणी) सुरू करावी असा सर्वसाधारण सल्ला आहे. वडिलांचे निदान ४६व्या वर्षी झाले असेल, तर मुलांनी ३६व्या वर्षी डॉक्टरांना भेटावे. रक्त पडणे, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, कारणाविना वजन घटणे किंवा लोहाच्या कमतरतेने हिमोग्लोबिन उतरणे, यांपैकी काहीही असल्यास वयाचा विचार न करता तपासून घ्यावे.

लक्षणे नसलेल्या आणि घराण्यात इतिहास नसलेल्या व्यक्तीला फिट ही शौचातील न दिसणारे रक्त शोधणारी चाचणी सोयीची आहे. अमेरिकेत २०२१पासून तपासणी सुरू करण्याचे वय ४५ धरले जाते. ही चाचणी मानवी हिमोग्लोबिन प्रतिपिंडांच्या साहाय्याने ओळखते, त्यामुळे तिच्यासाठी मांसाहार बंद करावा लागत नाही. नमुना शौचालयाच्या भांड्यातील पाण्यात पडण्यापूर्वी घ्यावा आणि लगेच प्रयोगशाळेत पोहोचवावा, कारण उष्णतेने हिमोग्लोबिनचे विघटन होऊन निकाल खोटा नकारात्मक येऊ शकतो. मे महिन्यात हे विशेष सांभाळावे. निकाल सकारात्मक आला, म्हणजे रक्त आढळले, तर ‘पुन्हा एकदा करून पाहू’ म्हणू नये. पॉलिप अधूनमधूनच रक्त सोडतो, त्यामुळे दुसरा नकारात्मक निकाल पहिल्याला खोडून काढत नाही. पुढची पायरी कोलोनोस्कोपीच आहे. चाचणी नकारात्मक आली, तरी ती दरवर्षी करावी.

कोलोनोस्कोपीचे यश आतडे किती स्वच्छ आहे यावर फार अवलंबून असते, म्हणून या तयारीकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. आदल्या दिवशी पालेभाज्या, बिया आणि सालीसकट फळे टाळून डॉक्टरांनी सांगितलेला हलका आहार घ्यावा. पातळ पदार्थांत शहाळ्याचे पाणी किंवा गाळलेले लिंबू सरबत चालते. कोकम सरबत मात्र नको, कारण त्याचा लाल रंग तपासणीत रक्तासारखा भासतो. जुलाबाचे औषध दोन भागांत घ्यावे: निम्मे आदल्या संध्याकाळी आणि निम्मे तपासणीच्या चार ते सहा तास आधी. शौचाला येणारे पाणी फिकट पिवळे आणि स्वच्छ दिसले, म्हणजे तयारी झाली. लोहाच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे आणि मधुमेहाची औषधे यांबद्दल आधीच विचारावे. ती स्वतःहून बंद करू नयेत.

डॉक्टरांना दोन प्रश्न विचारण्यास संकोच करू नये: नळी आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत, म्हणजे अंधांत्रापर्यंत, पोहोचली का, आणि ती बाहेर काढताना किती वेळ पाहणी केली. किमान सहा मिनिटे हा जुना निकष आहे. अलीकडे आठ मिनिटे सुचवली जातात. नॅरो बँड इमेजिंगमध्ये, म्हणजे कोलोनोस्कोपी करताना ठरावीक रंगांच्या प्रकाशात अस्तर पाहण्याच्या पद्धतीत, ४१५ आणि ५४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. या प्रकाशाला रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते, त्यामुळे अस्तरावरील सूक्ष्म रक्तवाहिन्यांची जाळी उठून दिसते आणि आढळलेला पॉलिप कोणत्या प्रकारचा असावा याचा अंदाज बांधता येतो. अंतिम निर्णय बायोप्सीचाच, म्हणजे काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच.

सीईए या, रक्तातील कर्करोगाशी निगडित एक प्रथिन मोजणाऱ्या चाचणीवर मात्र विसंबू नये. आरोग्य तपासणीच्या पॅकेजांत ती सर्रास दिसते, पण सुरुवातीच्या कर्करोगात ती बऱ्याचदा सामान्य असते आणि धूम्रपानानेही वाढते. तिचा खरा उपयोग निदान झालेल्या रुग्णाच्या उपचारांनंतरच्या पाठपुराव्यात आहे.

पॉलिप काढले असतील, तर त्यांची संख्या, आकार आणि प्रकार लिहिलेला अहवाल जपून ठेवावा, कारण पुढची कोलोनोस्कोपी तीन वर्षांनी करायची की दहा वर्षांनी, हे त्यावरूनच ठरते.