बोट भाऊच्या धक्क्यावर अडकली तर

आमची बोट हर्णैची. गिअरबॉक्स गेला म्हणून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला लागली आणि मुक्काम लांबला. परगावच्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याला, इथे आपणहून कुणी काही सांगत नाही, म्हणून लिहितोय.

बोट लागली की आधी मासळी उतरवा, मिस्त्री नंतर शोधा. पहाटे माल विकला गेला की दुरुस्तीला हातात पैसे येतात. मग धक्क्याच्या भिंतीलगतची जागा सोडा, तिथे माल उतरवणाऱ्यांचा हक्क. मागे दुसऱ्या बोटीला लागून बांधा, मध्ये टायर सोडा. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त वरखाली होतं. भरतीला दोर घट्ट आवळून सगळे झोपलात, तर ओहोटीला बोट त्या दोरावर लटकते आणि खुंटा मुळासकट उखडतो. रात्री एक खलाशी बोटीवर हवाच, आणि त्याला दोर सैल करायचा कधी ते माहीत हवं.

त्यासाठी आपला जुना हिशोब पुरतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, पुनवेला-अवसेला बाराच्या आसपास. दिवसा तशीच रात्री. थोडं मागेपुढे होतं, पण दोर सांभाळायला एवढं बस.

हाच हिशोब दुरुस्तीलाही लावा. इंजिन, गिअरबॉक्स, पंप ही कामं पाण्यात उभ्या बोटीवर होतात. शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा), पाण्याखालचा पंखा, सुकाणू यांना बोट कोरडी लागते. म्हणजे उधाणाच्या भरतीला ती किनाऱ्यावर चढवायची, टेकू लावायचे आणि ओहोटीत काम उरकायचं. वर चढवलेली बोट भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीच्या, पाण्याला तरंगत नाही. उधाण हुकलं की पुढच्या पुनवेपर्यंत किंवा अवसेपर्यंत, म्हणजे पंधरवडाभर, बसावं लागतं. मिस्त्री ‘उद्या’ म्हणाला की मी आधी तिथी बघतो. सुटा भाग आला नसेल तर बोट वर घेऊच नका.

बेअरिंग, सील, नटबोल्ट नागदेवी स्ट्रीटला मिळतात, मस्जिद स्टेशनवरून चालत. रविवारी तिकडे बाजार बंद, म्हणून शनिवारीच जा. जुना लोखंडी माल रे रोडच्या दारूखान्यात बघा. तुटलेला भाग बरोबर न्याच. मापात केसभर फरक पडला तरी सील गळतं.

खलाशांचं मात्र मनापासून बघा. काम नाही म्हणून जेवण कमी करू नका, आणि घरी पाठवायला थोडी उचल द्या. ज्यांची गरज नाही त्यांना परळहून दापोलीच्या एसटीत बसवा. जे थांबतील त्यांची ओळखपत्रं आणि बोटीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवा. बंदरात कधीही तपासणी होते.

काम झालं की लगेच बर्फ भरू नका. आधी रिकामी बोट बंदरात फिरवून आणा, पुढे-मागे गिअर टाकून बघा. परत आल्यावर गिअरबॉक्सचं तेल तपासा. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून पाणी थेंब थेंब पडलं तर चालेल. धार लागली तर मिस्त्रीला तिथेच थांबवून घ्या, उरलेले पैसे मग द्या.