मास मीडियाची पदवी: फी भरण्याआधी करायचा हिशेब

बारावीनंतर मास मीडियाला (म्हणजे पत्रकारिता, जाहिरात शिकवणाऱ्या पदवीला) जायचं ठरलं की माहितीपत्रकातली वर्षाची फी गुणिले तीन, इथेच बहुतेक घरांतला हिशेब थांबतो. निम्म्याहून जास्त खर्च याच्या बाहेर असतो.

एक गोष्ट आधी. वकिलीसारखी सनद पत्रकारितेला किंवा जाहिरातीला लागत नाही. डेस्कवर, म्हणजे बातम्यांचं संपादन होतं तिथे, बीए मराठी, बीकॉम, इंजिनिअर, सगळे असतात. पत्रकारितेची पदवी किंवा पदविका नावानिशी मागतात ती माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातल्या पदांसारख्या सरकारी भरतीत, आणि प्राध्यापकीसाठी त्याच विषयातलं पदव्युत्तर शिक्षण लागतं. म्हणून महागड्या कोर्सची तुलना एका स्वस्त वाटेशीच करायची: गावातल्या अनुदानित कॉलेजात बीए, मग एक वर्षाची पत्रकारिता पदविका. दोन्ही वाटांचे आकडे एकाच कागदावर घ्या.

समजा, खासगी संस्थेची फी वर्षाला २ लाख आहे आणि ती पूर्ण कर्जातून भरायची आहे. व्याज १०.५ टक्के धरू. शिक्षणकर्जाचे हप्ते कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, आणि घरी हेच कुणी सांगत नाही. पहिले २ लाख चार वर्षं, दुसरे तीन, तिसरे दोन वर्षं, असं सरळव्याज १ लाख ८९ हजार होतं. ते मुद्दलात मिळवून ७ लाख ८९ हजारांवर सात वर्षांचा हप्ता बसतो महिना सुमारे १३,३०० रुपये. एकूण परतफेड ११ लाख १७ हजार. हेच व्याज घरच्यांनी दरमहा भरलं (पहिल्या वर्षी १,७५०, दुसऱ्या वर्षी ३,५००, तिथून पुढे ५,२५०) तर हप्ता १०,१०० च्या आसपास राहतो. जमत असेल तर हे नक्की करा. आयकरात शिक्षणकर्जाच्या फक्त व्याजाची वजावट मिळते, तीही जुन्या करप्रणालीत. आणि सुरुवातीच्या पगारावर मुळात करच बसत नसेल तर तिचा उपयोग शून्य.

आता राहणं. मुंबईत खोली, मेस, लोकलचा पास मिळून महिना १२ हजार धरले, वर्षाचे दहा महिने, तर तीन वर्षांचे ३ लाख ६० हजार. बेरीज १४ लाख ७७ हजार. लॅपटॉप दोन्ही वाटांवर लागतो, म्हणून तो सोडला. कॉलेजचे फेस्ट, इंडस्ट्रियल व्हिजिट, शॉर्टफिल्मसाठी भाड्याचा कॅमेरा हे वेगळं. ते सीनियर मुलांना विचारा, ऑफिसात कळणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणातलं चौथं वर्ष ऑनर्ससाठी असतं. तीन वर्षांनंतरही पदवी मिळते, तेव्हा ते गरज असेल तरच धरा.

स्वस्त वाट: घरी राहून बीए ३० हजारांत, पुण्यात एक वर्षाची पदविका १ लाख, राहणं १ लाख २० हजार. झाले अडीच लाख. पण इथे नोकरी वर्षभर उशिरा लागते. बुडालेला पगारही खर्चच.

तो पगार किती धरायचा? पॅकेजला बाराने भागू नका. ३ लाख ६० हजारांचं पॅकेज म्हणजे महिना ३०,०००. बेसिक, म्हणजे मूळ पगार, १५,००० असेल तर मालकाचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२० त्यातच धरलेले असतात. मग तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो. हातात २५,५०० च्या आत. त्यात 'व्हेरिएबल', म्हणजे कामगिरी बघून मिळणारा भाग, असेल तर आणखी कमी. चॅनेलवाले कधी कधी नोकरीऐवजी रिटेनरशिपचं, म्हणजे ठरावीक मानधनाच्या कंत्राटाचं, पत्र देतात: पीएफ नाही, वर्षाची रक्कम ठरावीक मर्यादेवर गेली की १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर. तो रिटर्न भरून परत मिळतो, पण तोवर खोलीभाडं थांबत नाही. स्ट्रिंगरला, म्हणजे नोकरीत नसलेल्या बातमीदाराला, तर बातमीमागे पैसे. तो पगार समजू नये.

म्हणजे बुडालेलं वर्ष ३ लाख ६ हजारांचं आणि स्वस्त वाट ५ लाख ५६ हजारांची. फरक ९ लाख २१ हजार. तो सात वर्षांत भरून काढायचा तर महागड्या कोर्सनंतर दरमहा ११ हजार जास्त हातात पडायला हवेत, तेही पहिल्या महिन्यापासून. हाच प्रश्न घेऊन प्लेसमेंट ऑफिसात जायचं.

तिथे सर्वांत मोठं पॅकेज विचारू नका. ते बहुधा पीआर (जनसंपर्क) किंवा डिजिटल मार्केटिंगमधल्या एकाच मुलाचं असतं. विचारा: बॅचमध्ये मुलं किती, नोकरी किती जणांना लागली, त्यातली पगारी इंटर्नशिप किती, पगारांच्या यादीत मधोमध कोणता आकडा येतो, आणि एमबीएची मुलं याच यादीत धरलीत का. उत्तर लेखी मिळत नसेल तर तीन वर्षांपूर्वीच्या बॅचमधली पाच-सहा मुलं लिंक्डइनवर गाठा. नोकरी कुठे लागली यापेक्षा आज ती कुठे आहेत ते पाहा. काही जण बँकेत किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत सापडतील.

कॅमेरा, साउंड, एडिटिंग शिकायचं असेल तर हिशेब थोडा बदलतो. तिथे स्टुडिओचे तास आणि हातात पडणारं शोरील (स्वतःच्या निवडक कामाचा व्हिडिओ) यांना खरी किंमत आहे. तेव्हा आठवड्याला प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला किती तास यंत्र येतं ते विचारा, आणि प्रवेशाआधी एखाद्या कामाच्या दिवशी स्टुडिओ उघडा आहे की कुलूपबंद, ते स्वतः जाऊन बघा.