आधी त्या चार पोरांकडे बघा

लंडनच्या नॅशनल गॅलरीत इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीचं ‘व्हीनस आणि मार्स’ (साधारण १४८५) दाखवायला मी पाहुण्यांना नेते, तेव्हा आधी त्या चार खोडकर पोरांपाशी थांबवते. बोकडाचे पाय, इवली शिंगं: हे सॅटर, ग्रीक-रोमन पुराणकथांतले कामवासनेचे सोबती. आता त्यांच्या हातात काय आहे ते बघा. भाला युद्धदेव मार्सचा. शिरस्त्राणही त्याचंच, एकाचं अख्खं डोकं त्यात बुडालंय. एक चिलखतात शिरलंय. एक तर थेट कानाशी शंख फुंकतंय, तरी मार्स ढाराढूर! प्रेमदेवता व्हीनस मात्र टक्क जागी. शस्त्रांची खेळणी झाली की समजायचं, प्रेमाने युद्धाला निजवलंय. मग मार्सच्या डोक्याजवळच्या गांधीलमाश्या शोधा. इटालियनमध्ये गांधीलमाशी म्हणजे ‘वेस्पा’, म्हणून काही अभ्यासक चित्राचा संबंध फ्लॉरेन्सच्या वेस्पुची घराण्याशी जोडतात. मला ते पटतं.