डी-ब्लॉक आणि इलेक्ट्रोड पोटेन्शियल: या चुका टाळा

ठाण्यात, नौपाड्यात, बारावी सायन्सच्या बॅचना केमिस्ट्री शिकवतो. डी-ब्लॉकचे (लोखंड, तांबं अशा संक्रमण धातूंचे) पेपर तपासायला घेतले की दरवर्षी त्याच चुका. सगळ्यात जास्त मार्क खाणारी आधी सांगतो.

इलेक्ट्रोड पोटेन्शियल म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ, व्होल्टमध्ये मोजलेली. या व्होल्टची सरळ बेरीज करू नका. फेरिक (लोखंडाचा +३ आयन) ते फेरस (+२ आयन) +०.७७, फेरस ते लोखंड −०.४४. मग फेरिक ते लोखंड किती? गेल्या पावसाळ्यात एका हुशार मुलाने +०.३३ लिहिलं आणि मार्क कापले म्हणून भिजलेला पेपर घेऊन वाद घालायला आला. कुठल्याशा रीलमधली ट्रिक होती. मी त्याला शेजारी तांब्याचा आकडा लिहायला लावला: +०.३४. तो गप्पच झाला. ॲसिडमधून हायड्रोजन सोडणारं लोखंड थेट तांब्याच्या पंगतीला जाऊन बसलं होतं! बेरीज ऊर्जेची होते, आणि डेल्टा जी (ऊर्जेतला बदल) म्हणजे वजा एनएफई: एन म्हणजे इलेक्ट्रॉनची संख्या, एफ म्हणजे फॅरेडे स्थिरांक, ई म्हणजे पोटेन्शियल. एफ सगळीकडे तोच, म्हणून १ × ०.७७ अधिक २ × (−०.४४), म्हणजे −०.११. त्याला ३ इलेक्ट्रॉनने भागा: −०.०४.

"मग पूर्ण सेलला थेट वजाबाकी कशी चालते, सर?" प्रश्न रास्त होता. तिथे दोन्हीकडचे इलेक्ट्रॉन सारखे होऊन कटतात, इथे कटत नाहीत. मी प्रत्येक व्होल्टखाली एन लिहिल्याशिवाय पेन पुढे नेत नाही. दोन सेकंद जातात, जाऊ द्यावेत.

दुसरी चूक: "डी-१० पूर्ण भरलेलं, म्हणून क्युप्रस स्थिर." क्युप्रस म्हणजे तांब्याचा +१ आयन, डी कक्षेत १० इलेक्ट्रॉन असलेला; क्युप्रिक म्हणजे +२. स्थिर, पण कशात? पाण्यात क्युप्रस ते तांबं +०.५२ आणि क्युप्रिक ते क्युप्रस +०.१५, त्यामुळे क्युप्रस स्वतःच फुटून तांबं आणि क्युप्रिक होतं. क्युप्रिकची हायड्रेशन ऊर्जा इतकी मोठी असते की दुसरा इलेक्ट्रॉन काढायचा खर्च भरून निघतो. पण मोरचुदाच्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइड घाला, मग हायपो (सोडियम थायोसल्फेट) टाकत जा. आयोडीनचा तपकिरी रंग उतरला की खाली पांढरा साका दिसतो. तो क्युप्रस आयोडाइड, पाण्यातच बसलेला, कारण तो विरघळत नाही. एवढं डोळ्यांनी पाहिलेली मुलं पुन्हा नुसतं "डी-१०" लिहीत नाहीत.

क्रोमियम-टू आणि मँगनीज-थ्री दोन्ही डी-४, तरी पहिला रिड्यूसिंग (इलेक्ट्रॉन देणारा), दुसरा ऑक्सिडायझिंग (इलेक्ट्रॉन घेणारा). इलेक्ट्रॉन मोजून थांबू नका, पुढे काय तयार होतं ते बघा.

रिअ‍ॅक्शन दुप्पट केली म्हणून व्होल्ट दुप्पट होत नाहीत.

आणि पोटेन्शियलवरून वेग सांगू नका. ॲसिडमध्ये परमँगनेटचा आकडा +१.५१, म्हणजे त्याने पाण्याचंही ऑक्सिडेशन करायला हवं. करतं, पण फार सावकाश. म्हणून ते गडद बाटलीत ठेवतात आणि टायट्रेशनआधी ऑक्झॅलिक ॲसिडने स्टँडर्डाइज करून (नेमकी तीव्रता ठरवून) घेतात.