अर्क पेशींवर घालण्याआधीची तयारी

झाडाच्या पाल्याचा अर्क कर्करोगाच्या पेशी मारतो का, हे प्रयोगशाळेत तपासायचं तर पेशी सगळ्यात शेवटी आणायच्या. आधी पाला. बेळगावकडच्या जांबोटी-कणकुंबीकडून भर पावसात आणलेला पाला सावलीत वाळता वाळत नाही, त्याला बुरशी येते. बुरशीची विषंही पेशी मारतात आणि श्रेय फुकट झाडाला मिळतं. म्हणून दिवाळी झाल्यावरच गोळा करावा. परवानगी मात्र त्याआधी हातात हवी. कर्नाटकातल्या भीमगड अभयारण्यातलं काही आणायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांचं लेखी पत्र लागतं, आणि तेच झाड चंदगडच्या रानातून हवं असेल तर अर्ज महाराष्ट्राच्या वनखात्याकडे. दोन्हीकडचा माल एका पिशवीत घालू नये. प्रत्येक ठिकाणची फुलाफळांसकट एक डहाळी दाबून हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) द्यावी, क्रमांक वहीत उतरवावा.

नरक्या हेच झाड घ्यायचा मोह होतो. पण त्यात कॅम्प्टोथेसिन हे पेशी मारणारं द्रव्य आहे हे १९७२ पासून ठाऊक आहे. तो पेशी मारतो यात नवीन काय? शुद्ध कॅम्प्टोथेसिन तुलनेसाठी मागवा, झाडाची साल सोलू नका.

पाला ४० अंशांच्या आत वाळवून पूड करावी. ५० ग्रॅम पुडीला ५०० मिली मिथेनॉल, ४८ तास, मधूनमधून हलवत. व्हॉटमन एक नंबरच्या गाळणकागदातून गाळून रोटरी इव्हॅपोरेटरवर (मिथेनॉल उडवून टाकणाऱ्या यंत्रावर) आटवावं. वजन लागोपाठ दोनदा सारखं भरेपर्यंत अर्क सुकला असं धरू नये. मग उणे २० अंशांवर.

अर्काचा साठा डीएमएसओ या द्रावकात मिलीला १०० मिलिग्रॅम करावा. हजारपट पातळ केला की मिलीला १०० मायक्रोग्रॅम या मात्रेला डीएमएसओ ०.१ टक्का राहतं. साठा २० मिलिग्रॅमचा केला तर त्याच मात्रेला ते ०.५ टक्के होतं, आणि काही पेशींना ते सोसत नाही. तेवढंच नुसतं डीएमएसओ घातलेले खाने प्रत्येक प्लेटवर हवेतच.

पेशींची मागणी पुण्याच्या एनसीसीएसकडे (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे) आधीच नोंदवावी. कर्करोगाच्या पेशींबरोबर निरोगी पेशीही मागवाव्यात, नाहीतर अर्क सरसकट विषारी आहे की काय ते कळणार नाही. आल्या आल्या मायकोप्लाझ्माची, म्हणजे पेशींत लपून वाढणाऱ्या जिवाणूंची, चाचणी. इन्क्युबेटरला यूपीएस हवा, वळवात वीज जातेच. ९६ खान्यांच्या प्लेटचे कडेचे ३६ खाने सुकतात, त्यांत फक्त पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण) भरावं, उरतात ६०. खान्याला ५ ते १० हजार पेशी, २४ तास चिकटू द्याव्यात, मग अर्क ४८ तास. अर्क घातल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली बघावं: तळाशी गाळ बसला असेल तर ती मात्रा बाद.

खरी गोची एमटीटीत होते. हा पिवळा रंग जिवंत पेशी जांभळा करतात, त्यावरून किती पेशी जगल्या ते मोजतात. पाल्यातली टॅनिनं, पॉलिफेनॉलं पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात, म्हणजे मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. हरितद्रव्याचा रंगही मोजमापात मिसळतो. म्हणून अर्क, पेशी वाढवायचं माध्यम आणि एमटीटी एवढंच असलेले, बिनपेशींचे खाने प्रत्येक मात्रेला ठेवावेत. ते जांभळे झाले तर एमटीटीआधी अर्क काढून पीबीएसने धुवावं. तरी रंग हटत नसेल तर सल्फोरोडामाइन बी हा पेशींतल्या प्रथिनांना चिकटणारा रंग वापरावा. त्याला पेशी थंड ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्लाने बसवाव्या लागतात, ते आम्लही मागणीच्या यादीत लिहून टाका.